चार पोरं पास करून देण्याचा सौदा

आमच्या गावच्या हेडमास्तरांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलेलं नाही. गावात अजून दोन-चार म्हातारे असे आहेत की ते ही गोष्ट उलटी सांगतात. त्यांच्या मते तो बिचारा सज्जन माणूस होता आणि मी त्याला वर्षानुवर्षं छळलं. म्हणून कोणी कोणाला फसवलं ते आधी सांगून टाकलं. आता कसं फसवलं ते सांगतो.

आमचं गाव तालुक्याचं, रेल्वेच्या रुळाला लागून. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची, आणि आम्ही सगळे घरात मराठी बोलणारे. मी सहावीत होतो तेव्हा माझं शाळेतून नाव कापलं गेलं. कारण असं घडलं की ड्रॉइंगचे मास्तर मला सहा छड्या मारणार होते. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, पाच. शेवटी चारवर तुटलं. मी हात पुढे केला, चार खाल्ल्या आणि हात मागं घेतला, तर त्यांनी पाचवी मारली. मी छडी हिसकावून घेतली आणि मोडली. सगळा वर्ग म्हणत होता की ठरल्या होत्या चारच, पण वर्गाची साक्ष कोण घेतो?

त्यानंतर मी मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, सांडलेला कापूस वेचण्यापासून सुरुवात केली आणि पंचविशी उलटायच्या आत कापसाचा दलाल झालो. माझ्या पाठीशी ना बाप होता, ना मामा. बोटांवर आणि आवाजावर वर आलो. बोटांवर म्हणजे अक्षरशः. मोंढ्यात भाव तोंडानं बोलायचा नसतो. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. भाव दोघांनाच कळतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पटलं तर उपरणं काढायचं, न पटलं तर हसत उठायचं. कोणाची लाज जात नाही.

सगळं मिळवलं, एक सोडून. मी मिडल पास नव्हतो. आठवीच्या परीक्षेला तेव्हा मिडल म्हणत. तहसील कचेरीत गेलं की पेशकार पहिला प्रश्न टाकायचा, "तालीम कितनी?" मिडल म्हटलं की शिपाई खुर्ची सरकवायचा. माझ्याकडं बघून तो भिंत दाखवायचा. ज्यांचा कापूस मी विकून द्यायचो ते खुर्चीत, आणि मी भिंतीला. माझा मेव्हणा तर मिडल नापास होता, पण परीक्षेला बसला होता एवढ्यावर माझ्याशी बोलताना पाय पसरून बसायचा. मला पास व्हायचं होतं. निदान एकदा परीक्षेच्या बाकावर बसायचं होतं.

बाहेरून परीक्षेला बसता येत होतं, पण त्याला गावच्या हेडमास्तरांची शिफारस लागायची की उमेदवाराची चालचलणूक चांगली आहे. छडी मोडलेल्या माणसाची चालचलणूक कोण चांगली म्हणणार? जुने हेडमास्तर होते तोवर मी विचारलंही नाही. नवे आले. घरचे मराठीच, पण हैदराबादेत वाढलेले. काळी शेरवानी, डोळ्यांवर बारीक चष्मा, आणि जिभेवर एवढी साखर की त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस पान खाऊन परत यायचा. मी गेलो आणि सरळ विचारलं.

"जनाब," ते म्हणाले, "तुमची शिफारस मी का करू?"

"मी चांगला माणूस हाय म्हणून."

"ते तर गाव म्हणत नाही." हे त्यांनी इतक्या अदबीनं सांगितलं की मला राग यायला वेळ लागला. "पण एक काम करा. माझ्याकडं सात पोरं अशी आहेत की मिडलला बसली तर शाळेचं नाक कापतील. ऐकतो की तुमचा हिसाब तेज आहे. त्यांना पास करून द्या. मी सही करतो."

सात! त्यांनी भाव सांगितला आणि माझ्यातला दलाल जागा झाला. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, सहा. मी उठून दारापर्यंत गेलो. त्यांनी पान पुढं केलं. मी परत बसलो. शेवटी चारवर तुटलं. चार पोरं पास, आणि माझी शिफारस. मी टेबलावर उपरणं टाकलं, खाली हात धरले, सौदा पक्का केला. रस्त्यानं येताना मला इतका आनंद झाला होता की मी मेव्हण्यालाही राम राम केला.

आता माझी चूक कुठं झाली असं जे म्हणतात, त्यांना सांगतो. मोंढ्यात सौद्याची मुदत कोणी बोलत नाही. बोललेला सौदा गुढीपाडव्याच्या आत पुरा करायचा, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. गडीमाणसाचं साल पाडव्याला सरतं, तसा शब्दही पाडव्याला सरतो. मुदत विचारणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मी त्यांना चोर म्हटलं नाही. हा माझा चांगुलपणा होता. त्याला चूक म्हणू नये.

सातांतली चार पोरं मी स्वतः निवडली, जनावरं निवडावीत तशी, दात सोडून सगळं बघून. एक मारुतीच्या पुजाऱ्याचं पोर. त्याला विचारलं तर सगळं येत होतं, पण स्तोत्र म्हणतात त्या चालीत. मध्येच अडवलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. दुसरा एका देशमुखाचा मुलगा. त्याची पाटी गडी घेऊन यायचा आणि मला वाटतं, उत्तरंही गड्यानंच द्यावीत अशी त्याची अपेक्षा होती. तिसरा येलदरीकडचा, कोरडवाहू घरचा, अंगानं थोराड. त्याला मिसरूड फुटलं होतं आणि वर्गात सगळ्यांत मागं बसवत, कारण पुढं बसला की मागच्यांना फळा दिसायचा नाही. चौथा एका कारकुनाचा. तो रडायचा. भूगोल काढला की रडायचा, भूगोल मिटला की थांबायचा.

शाळा भरायच्या आधी सकाळी माझ्या कापसाच्या वखारीत आम्ही बसायचो, कापसाच्या पोत्यांवर, बोंद्र्यांवर. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला उपरण्याखाली हात घालायला लावला.

"भाव बोल," मी म्हटलं. "हिसाबात शंभरातले किती आणशील? एक बोट म्हणजे दहा. पंजा म्हणजे पन्नास."

पुजाऱ्याच्या पोरानं दोन्ही पंजे धरले.

"शंभर? गाढवा, पहिल्या बोलीत शंभर कोण सांगतं? तुझी आता कितीची लायकी हाय?"

"देव देईल तेवढे."

"देव पेपर तपासायला येत नसतो. परत धर."

देशमुखाच्या मुलानं एकच बोट धरलं, तेही ढिलं. मी पाच धरली. त्यानं दोन. मी चार. अर्धा तास आमची ओढाताण चालली, आणि त्या अर्ध्या तासात तो पहिल्यांदा जागा झालेला मी पाहिला. साडेतीनवर आला. शेवटचं अर्धं बोट त्यानं इतक्या नेटानं झुंजवलं की मला त्याचा अभिमान वाटला. असा प्रत्येक विषयाचा भाव प्रत्येकाशी वेगळा ठरला आणि तो दुसऱ्याला कळला नाही. कारकुनाच्या पोराचा भूगोलाचा भाव किती खाली होता, हे मी आजही कोणाला सांगणार नाही. ठरल्यापेक्षा कमी आणले तर त्यानं वखार झाडायची. जास्त आणले तर मी भजी खाऊ घालायची. दर पंधरवड्याला परीक्षा घ्यायचो आणि भाव एकेक बोट वर न्यायचो. पोरं काय कमी? महिन्याभरात ती मुद्दाम खालून बोली लावायला शिकली. थोराडानं तर एकदा हिसाबात तीन बोटं धरली आणि पेपरात सत्तर आणले. भज्याची परात एकट्यानं संपवली.

"मला फसवायलास का रे?" मी ओरडलो.

"तुमीच शिकिवलं, काका," तो म्हणाला आणि तोंड पुसलं. "पहिली बोली खरी बोलायची नसते."



हिसाब शिकवायला मला पुस्तक लागत नव्हतं, उलट पुस्तक आडवं यायचं. त्यात एक गणित होतं: एका व्यापाऱ्यानं कापूस शेकडा आठ तोट्यानं विकला, तर खरेदी किती? मी म्हटलं, हे गणित चूक आहे. तोट्यात विकायचाच कशाला? गाठी बांधून ठेवायच्या, भाव चढला की काढायच्या. पोरांनी माझं ऐकलं. शाळेतल्या चाचणीत चौघांनीही उत्तर लिहिलं की व्यापाऱ्यानं थांबावं. चौघांनाही शून्य. हेडमास्तरांनी मला बोलावलं, पान दिलं आणि म्हणाले, "जनाब, पेपरातला व्यापारी बेवकूफच असतो. त्याला तोटा होऊ द्या." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दात खाऊन मी पोरांना तोट्यात विकायला शिकवलं.

भूगोल मी कापसाच्या गाठीबरोबर शिकवला. गाठ इथून निघाली, मनमाडला गाडी बदलली, मुंबईच्या गोदीत गेली, बोटीत बसली. कुठला समुद्र लागला, कुठला कालवा, विलायतेत कुठल्या बंदरात उतरली. गाठीचं काय होतंय या काळजीत कारकुनाचं पोर रडायचं विसरलं. इतिहासाचं सांगायचं तर बादशहांची पोरं एकमेकांच्या जिवावर का उठतात ते पुस्तकात पानभर लिहिलेलं असायचं. मी एका ओळीत सांगायचो, "वाटणीचा दावा." देशमुखाच्या मुलाला ते लगेच कळायचं, त्याच्या घरी तीन चालू होते.

उरली उर्दू. तीच परीक्षेची भाषा आणि तीच माझी कच्ची. बाजारातली दखनी मला येत होती, पण पुस्तकातली उर्दू म्हणजे शेरवानी घातलेली दखनी. मग मी पोरांच्याच शेजारी तख्ती, उर्दूची लाकडी पाटी, घेऊन बसलो. ती वाचायची, मीही वाचायचो. मी अडखळलो की पोरं गप खाली बघायची. पुजाऱ्याचं पोर मात्र धीर करून म्हणायचं, "काका, असं न्हाई, असं," आणि स्तोत्राच्या चालीत उर्दू म्हणून दाखवायचं. माझाही भाव मी पोरांशी उपरण्याखाली ठरवला होता. उर्दूत चाळीस. पंधरवड्याच्या परीक्षेत दोनदा माझी वखार मलाच झाडावी लागली. पोरं बोंद्र्यांवर बसून बघत होती.

चौघंही पास झाली. थोराड पोरगा तर शाळेत पहिला आला. त्याच्या बापानं मला बैलगाडीभर टरबुजं आणून दिली आणि मी ती हेडमास्तरांकडं पाठवली. पाठोपाठ अर्ज घेऊन गेलो.

"माशाल्ला!" ते म्हणाले. "कमाल केलीत. बसा, बसा. चहा घेणार?"

"सही घेणार."

"जरूर. मी कुठं नाही म्हणतो? पण कोणत्या साली करायची, हे कुठं ठरलं होतं?"

"पाडव्याच्या आत! अजून कधी?"

"पाडवा?" त्यांना खरंच कळलं नव्हतं की ते तसं दाखवत होते, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. "जनाब, शाळेचा पाडव्याशी काय संबंध? यंदा नवी चार पोरं आहेत. फार कच्ची. त्यांचं एवढं बघा. पुढच्या साली इन्शाल्ला तुमचंच काम आधी."

मी टेबलावर हात आपटला. दौत उडाली, शाई त्यांच्या शेरवानीवर. त्यांनी ती रुमालानं टिपली आणि म्हणाले, "तुम्हाला लागलं तर नाही ना?" सांगा, अशा माणसाचं काय करायचं? शिवी द्यायला तोंड उघडलं तर त्यात पान.

घरी येऊन सांगितलं की मी आता कोणालाही शिकवणार नाही. बायको चुलीपुढं होती. ती म्हणाली, "बरं केलं." दुसऱ्या दिवशी सकाळी नवी चार पोरं वखारीच्या दारात उभी. मी म्हटलं, निघा. त्यांतलं सगळ्यांत लहानगं पुढं आलं, स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढला आणि हात झाकून माझ्यापुढं धरला. बोली लावायला आलं होतं! जुन्या पोरांनी शिकवून पाठवलं होतं. आता कोणी उपरण्याखाली हात पुढं केला आणि दलालानं नाही धरला, असं आमच्या मोंढ्यात कधी झालेलं नाही. मी हात घातला. त्यानं दोन बोटं धरली. मी सहा मागितली. झालं.

अशी सालं सरत गेली. दर साली चारांची पाच झाली, सहा झाली. दर साली निकाल लागला की मी अर्ज घेऊन जायचो आणि पान खाऊन यायचो. एका साली मी शहाणा झालो आणि चारचौघांसमोर मुदत घातली: पाडव्याच्या आत. ते म्हणाले, मंजूर. पाडवा आठवड्यावर आला तशी त्यांनी रजा काढली आणि हैदराबादेला गेले. गुढ्या उतरल्यावर परत आले, माझ्यासाठी अत्तराची कुपी घेऊन. अत्तर चांगलं होतं, हे मी नाकारत नाही.

माझी पोरं एकेक करून तलाठी झाली, मास्तर झाली, कचेरीत लागली. येलदरीकडचा तर हैदराबादेला शिकायला गेला. एक दिवस मी कचेरीत गेलो तर माझं रडणारं पोर टेबलामागं बसलेलं! मला बघून ताडकन उठलं, पण पेशकारानं सवयीनं विचारलंच, "तालीम कितनी?" पोर माझ्याकडं बघेना, मी पोराकडं बघेना.

"लोकांची पोरं पास करायलाव," बायको म्हणायची, "आन तुमचं तुमी कवा बसणार?"

"पुढच्या साली."

"हेडमास्तरावानी बोलाय लागलाव तुमी."

मग त्यांची बदली झाली. मला कोणी सांगितलं नाही. मी मोंढ्यात असताना एक हमाल म्हणाला की हेडमास्तरांचं सामान स्टेशनवर चाललंय, ट्रंका आणि पानदान. मी सौदा अर्धा टाकून पळालो. गाडी लागलेली. ते डब्यात खिडकीशी, शेरवानीची बटणं नीट करत. शिट्टी झाली आणि मी आत चढलो.

"अरे वा," ते सरकून बसले. "निरोप द्यायला आलात? तशरीफ ठेवा."

"सही."

"आता माझी सही चालणार नाही हो. मी तुमच्या शाळेचा राहिलो नाही."

डब्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती आणि दोन शेतकरी. सगळे आमच्याकडं बघायला लागले. मी त्यांना सगळा सौदा पहिल्यापासून सांगितला. शेतकरी लगेच म्हणाले, "पाडव्याला सौदा पुरा व्हायाच पाहिजे की." म्हातारी म्हणाली, "मास्तर, का वो बिचाऱ्याला झुलिवलं?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. पूर्णा जंक्शन गेलं तरी पुसतच होते. मग म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही पास झाला असता तर कचेरीत जाऊन बसला असता. माझ्या पोरांना कोणी बघितलं असतं? मला तुमच्यासारखा दुसरा मास्तर खात्यानं दिला नसता."

"आन नापास झालो असतो तर?"

"तर त्याहून वाईट." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "तुमची उर्दू मी ऐकली आहे, जनाब. वखारीवरून सकाळी फिरायला जायचो. तुम्ही नापास झाला असता, सगळं गाव हसलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही रागानं वखारीला कुलूप घातलं असतं. मी तुमची लाज राखली."

शेतकरी मान डोलवायला लागले! आतापर्यंत माझ्या बाजूचे होते, एका वाक्यात फिरले. म्हातारी म्हणाली, "मंग बरंच केलं म्हणायचं."

"काय बरं केलं?" मी असा ओरडलो की शेजारच्या डब्यातून माणसं डोकावली. "नापास झालो असतो तर मी झालो असतो! माझी लाज, माझं गाव, माझी वखार. तुमाला राखायला कुणी दिली होती? माझा मेव्हणा नापास होऊन पाय पसरून बसतो, आन मला नापाससुद्धा होऊ दिलं न्हाई!"

त्यांनी पानदान उघडलं, एक पान लावलं, माझ्यापुढं धरलं. एवढ्या सालांत पहिल्यांदा मी ते घेतलं नाही. चुडाव्याला गाडी थांबली तशी उतरलो. खिशात तिकीट नव्हतं आणि परतीची गाडी संध्याकाळची. स्टेशनातल्या लिंबाखाली बसून मी उर्दूत त्यांना जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. शब्द अडले नाहीत.

नवे हेडमास्तर आले, पण ते स्थिरावायच्या आतच रझाकारांची धामधूम सुरू झाली. पोरं शाळा सोडून गेली, शाळेला कुलूप लागलं. मग निजामाचं राज्यच गेलं. शाळा मराठी झाली, त्याचा मला आनंदच आहे, मी स्वतः झेंड्याला नारळ फोडला. पण ती उर्दूची मिडल गेली ती गेलीच. आता मी कशाला बसू? पेशकारही नवा आला, तो सगळ्यांनाच उभं ठेवतो.

लोक मला म्हणतात, अहो, तुमची एवढी पोरं पास झाली, त्यात तुमचं सगळं आलं. नाही आलं. त्यांचं त्यांच्याकडं गेलं. दरवर्षी मी त्यांच्या शेजारी बसून तीच तख्ती गिरवली आणि त्यांना दारापर्यंत सोडून मोंढ्यात परत आलो. उर्दूत मला चाळीस पडले असते की नाही? पुजाऱ्याचं पोर म्हणतं, पडले असते. थोराडानं पत्रात लिहिलं की पडले नसते, पण एखाद-दोन बोटांनीच. यांचं मी का ऐकू? खोटी बोली लावायला मीच त्यांना शिकवलं आहे.

हेडमास्तर हैदराबादेत अजून आहेत असं ऐकतो. पेन्शन खातात, पान खातात. त्यांनी हे वाचावं आणि मला सांगावं: चार पोरं पास झाली होती की नव्हती? उपरण्याखाली हात दिला होता की नव्हता? मग मी पास झालो असतो की नापास, हे ठरवायचा अधिकार त्यांना कोणी दिला? मला अदब नको, अत्तर नको. मला जबाब पाहिजे, आणि या वेळी मुदत बोलून टाकतो: येत्या पाडव्याच्या आत.